खुर्चीचा आवाज

मुलीने खुर्ची ओढली नाही. दोन्ही हातांनी उचलली, थोडी मागे नेली आणि चारही पाय एकदम टेकतील अशी खाली ठेवली. फरशीवर काही वाजलं नाही.

मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी हे फक्त बाईंनी पाहिलं. पदार्थविज्ञान विभागात त्या एकट्याच बाई; त्यामुळे त्यांना नाव लागत नसे.

संशोधनासाठी एकच जागा उरली होती. सकाळी येऊन गेलेला मुलगा विभागप्रमुखांच्या मित्राचा पुतण्या. त्याच्या आजोबांची तसबीर याच खोलीत टांगलेली होती.

"आई काय करते?" प्रमुखांनी मुलीला विचारलं.

"हॉस्पिटलात फरशी पुसते, सर. रात्रपाळीला." मुलगी हसली. "मोठे सर्जनसुद्धा तिला विचारूनच पाऊल टाकतात."

"मग दिवसा अभ्यास कुठे करतेस?"

"घरीच. एकच खोली आहे, आणि आई झोपलेली. आमच्याकडे कुकरसुद्धा दबकत शिट्टी देतो."

दोघेही पुरुष मनापासून हसले. बाई हसल्या नाहीत. हिच्याएवढ्या असताना याच टेबलासमोर त्या म्हणाल्या होत्या, "आई हॉस्पिटलात असते." तेव्हा तरुण असलेल्या याच प्रमुखांनी विचारलं होतं, "अरे वा, डॉक्टर?" त्या नुसत्या हसल्या होत्या. ते हसू अजून सांभाळावं लागत होतं. आईला त्यांनी इथे कधी आणलं नाही. खुर्ची खर्रकन ओढायलासुद्धा त्या इथे आल्यावर, ठरवून शिकल्या.

आणि ही पोरगी पिशवीतून भाजी काढावी तसं सगळं टेबलावर मांडत होती. वर हसतही होती. बाईंना ते हसू बघवेना. हा हेवा आहे, हे त्यांना कळलं. कळूनही तो कमी झाला नाही.

फळ्यावर गणित मांडताना मुलीने एक चिन्ह चुकवलं. बाईंना बरं वाटलं. मग तिने स्वतःच ते पुसून दुरुस्त केलं.

ती गेली, खुर्ची उचलून जागेवर ठेवून.

"चूक स्वतः शोधली तिने," धाकटा प्राध्यापक म्हणाला. "माझं मत हिला."

"हुशार आहेच हो. पण इथे रुळायला घरचं वळण लागतं. माझं मत त्या मुलाला." प्रमुख बाईंकडे वळले. "आता तुमच्यावर आलं. तुम्ही कशा पटकन रुळलात, डॉक्टरांच्या घरातल्या."

बाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. पाया कच्चा आहे, पुढच्या वर्षी बघू. कुणी कारणही विचारलं नसतं.

"पाया..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

प्रमुखांनी पेनाचं टोपण काढून लिहायला सुरुवातही केली होती.

"थांबा, सर. मुलीला घ्या." बाईंचा आवाज जरा चिरकला. "आणि माझी आई डॉक्टर नव्हती."