सिस्टर इम्रीची मोटारसायकल

गाडीची किल्ली हातात घेऊन लेस गोर्ली वाहनतळाकडे वळला, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याची बाही धरली.

"ॲलन! अरे, ॲलनच ना तू?"

सिस्टर इम्री. डोक्यावर प्लास्टिकची टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. लेसने किल्ली मुठीत आवळली. अख्ख्या पर्थ शहरात त्याला ॲलन म्हणणारी ही एकच बाई होती, आणि ते नाव तिला त्यानेच सांगितलं होतं.

मार्चमधली गोष्ट. खोऱ्यातल्या तिच्या घरी तो जुनी मोटारसायकल बघायला गेला होता. फिकट हिरवी, एकोणसाठ सालची. तिच्यावरून सिस्टरने अठ्ठावीस वर्षं बाळंतपणं केली होती. लेसला मोटारसायकलीशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या नंबराच्या पाटीवर एल, ई, एस ही तीन अक्षरं होती आणि पुढे एकेचाळीस. अक्षरं जोडून वाचली की त्याचंच नाव. एकदा मोटारसायकल आपल्या नावावर झाली, की तो नंबर कागदोपत्री नव्या गाडीवर चढवता येणार होता.

सिस्टर दारातच म्हणाली होती, "नंबरासाठी आला असशील तर आल्या पावली परत जा. तिघांना हाकललंय मी. मला चालवणारा माणूस हवाय."

"चालवायलाच हवीय."

"नाव काय तुझं?"

"ॲलन." जीभ जराही अडखळली नव्हती.

तिने त्याला गरम सूप वाढलं, नव्वद पौंड घेतले आणि सही केलेले कागद हातात दिले. "तुझं नाव-गाव तू भर, माझा चष्मा सापडत नाहीये." दीड महिन्यात नंबर त्याच्या नव्या करड्या गाडीवर चढला. गॅरेजमधली अडगळ नको म्हणून मोटारसायकल भंगारात गेली. न्यायला आलेल्या भंगारवाल्याने एक किक मारून पाहिली. इंजिन लगेच धडधडायला लागलं.

"अहो, ही चालू आहे," तो म्हणाला होता.

"माहितीये," लेस म्हणाला होता.

आता वाऱ्याबरोबर बर्फाळ पाऊस तोंडावर येत होता. रस्त्यापलीकडे, पहिल्याच रांगेत, त्याची गाडी पाटी इकडे करून उभी होती.

"मोटारसायकल कुठाय?" सिस्टरने विचारलं.

"आज... दुरुस्तीला टाकलीय."

"काय झालं तिला?"

"काही नाही. ब्रेक जरा घट्ट करायचेत."

"मागचा ना? तो नेहमीचा नखरेल. मग तूही बसनेच चाललायस. मेथवेनला ना तू? माझ्या वाटेवरच."

मेथवेनसुद्धा त्यानेच सांगितलं होतं. त्याचं घर नदीपलीकडे, अगदी उलट्या दिशेला. सिस्टर काठीवर रेलून थरथरत होती. थंडीने तिचे ओठ निळे पडले होते. गाडीत हीटर होता. वीस मिनिटांत तिला दारात सोडता आलं असतं. शब्द ओठांवर आले आणि त्याची नजर पलीकडच्या पाटीवर गेली.

"हो," तो म्हणाला. "बसनेच."

बस आली. त्याने तिला हात देऊन वर चढवलं, मेथवेनचं तिकीट काढलं आणि घाईघाईने स्वतः खिडकीशी बसला. वाहनतळ मागे पडेपर्यंत तो काचेला खांदा लावून, सिस्टरला बाहेरचं काही दिसणार नाही असा बसून राहिला.

"मॉराग, हा बघ कोण!" सिस्टरने पुढच्या बाकावरच्या बाईला काठीने ढोसलं. "हा ॲलन. माझी मोटारसायकल याच्याकडे आहे."

मॉराग वळली. तिने लेसला नीट न्याहाळलं आणि हात पुढे केला. "म्हणजे तो भला माणूस तुम्ही होय! हिचं रोजचं पुराण ऐकून आमचे कान किटलेत. माझी दोन्ही पोरं त्याच मोटारसायकलीमुळे वेळेवर जन्मली हो. धाकट्याच्या वेळी एवढा बर्फ होता, डॉक्टरची मोटार पुलाशीच रुतली, आणि ही बया आली फटफटत."

लेसने तो हात हातात घेतला. सोडावा कधी, हे त्याला कळेना.

"पुरे गं," सिस्टर म्हणाली. मग त्याच्याकडे झुकून हळूच बोलली, "एक विचारू? गेल्या रविवारी आमच्या खोऱ्यातून गेलास ना तू? चर्च सुटल्यावर? मॉराग म्हणते मला भास होतात. पण तो आवाज मी झोपेतही ओळखीन."

मॉरागने लेसकडे पाहत डोळे मिचकावले, म्हातारीचं मनावर घेऊ नका अशा अर्थाने. सिस्टर मात्र उत्तराची वाट बघत होती.

"हो सिस्टर," लेस म्हणाला. "मीच होतो."

"बघ!" सिस्टरने मॉरागच्या खांद्यावर चापट मारली. सुरकुतलेला चेहरा उजळून निघाला. मग तिने लेसकडे पाहून लटक्या रागाने भुवया चढवल्या.

"मग हात नाही का करायचा रे? मी खिडकीतच होते."