एकोणिसावं सर्व्हिसिंग

स्वानंदीने गॅरेजमधला गवत कापायचा मोअर कुशीवर कलंडवला आणि कालच घासून लख्ख केलेल्या त्याच्या पोटाला मुठीमुठीने चिखल थापायला सुरुवात केली. घाई होती. बाबा एकला आडवे व्हायचे आणि अडीचला उठायचे. तेवढ्यात मोअर पुन्हा घाण करायचा, हात धुवायचे आणि ऑफिसच्या मीटिंगसाठी लॅपटॉपसमोर जाऊन बसायचं.

चिखलात मिसळायला आज गवत नव्हतं. अंगणातलं होतं नव्हतं ते गवत दोन दिवसांच्या बर्फाखाली गेलं होतं. शेवटी तिने फ्रिजमधून मेथीची जुडी आणली, काड्या मोडल्या आणि पात्याभोवती चिकटवल्या. इंजिनातलं नवं ऑइल तिने आधीच काढून बाटलीत भरलं होतं. आता जुनं काळं ऑइल परत ओतलं, टाकीत थोडं पेट्रोल घातलं. प्लग तर ती देवघरातून काळा करून आली होती, निरांजनाच्या ज्योतीवर धरून. या लबाडीची देवालाही एव्हाना सवय झाली असावी.

तिचे बाबा, एकनाथराव, चौतीस वर्षं नागपूरला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. आई गेल्यावर ती त्यांना अमेरिकेत, ॲन आर्बरला घेऊन आली. इथे ते एकेक विसरत गेले. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, मग आई गेली आहे हेसुद्धा. नोव्हेंबरच्या एक तारखेला त्यांना गॅरेजमध्ये मोअर दिसला. "हिवाळ्यात अशी ठेवतात का मशीन? काहून गं, इंजिनाची वाट लावायची आहे का?" असं म्हणून त्यांनी बाह्या सारल्या. ऑइल बदललं, टाकी रिकामी केली, पात्याला धार लावली. त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि आईला हाका न मारता झोपले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गॅरेजमध्ये गेले. मोअर चकाचक. "माझं काम कोणी केलं?" म्हणत ते दिवसभर लहान मुलासारखे रडले. तिसऱ्या दिवसापासून स्वानंदी चिखल थापू लागली. आज वीस तारीख, म्हणजे एकोणिसावं सर्व्हिसिंग.

ती अगदी थकून गेली होती. डिसेंबरपासून पाचही दिवस ऑफिसला जायचं होतं आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. गावातल्या एका होममध्ये, अशाच विसरणाऱ्या माणसांसाठी असलेल्या, एक खोली मिळत होती. उद्या, शुक्रवारी, त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं. "बापाला असं विचारू तरी कसं, हिमानी?" असं ती मैत्रिणीला फोनवर विचारायची आणि रडायची. बाबांसमोर मात्र तोंड उघडत नव्हतं.

अडीचला बाबा उठले. चहा पिता पिता म्हणाले, "स्वानंदी, बर्फ पडला ना. मोअरचं राहूनच गेलं बघ."

"हो ना बाबा. राहूनच गेलं."

मीटिंग म्यूट करून ती गॅरेजच्या दाराच्या काचेतून बघत राहिली. बाबांनी खरवडायला घेतलं. एक काडी बोटांत धरली, नाकाशी नेली आणि थांबले. मेथीचा वास स्वानंदीच्या आत्ता लक्षात आला. पण त्यांनी ती काडी डब्यात टाकली आणि मान खाली घालून पुन्हा खरवडू लागले. वाचले, असं तिला वाटलं.

साडेचारला ते हात पुसत आत आले. "झालं बाई. आता एप्रिलपर्यंत बघायचं काम नाही." खुर्चीत टेकले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला.

उद्यासाठी जुनं ऑइल जपून ठेवायचं होतं, म्हणून ती गॅरेजमध्ये गेली. अवजारांच्या कपाटाचं दार उघडंच राहिलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला कॅलेंडरचं एक पान उलटं चिकटवलेलं होतं. पट्टीने आखलेले तीन रकाने : तारीख, काम, शेरा. वर्कशॉपमध्ये प्रत्येक गाडीचं असं कार्ड असायचं, हे ते तिला लहानपणी सांगत. तिला हसू आलं. पेन्सिलीच्या एकोणीस ओळी होत्या आणि कामाच्या रकान्यात सगळीकडे तेच : ऑइल, प्लग, धार, टाकी रिकामी.

मग तिने शेरे वाचले.

सात तारीख : काम कालच झाल्याचे कार्डावर दिसते. घाण कोणी केली?

नऊ तारीख : आज झोप लागली नाही. खिडकीतून पाहिले. पोरगीच करते. करू द्यावे, तिला बरे वाटते. आपल्याला कळले असे दाखवू नये.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

सोळा तारीख : पोरगी फोनवर रडत होती. तिला मला होममध्ये ठेवायचे आहे, पण विचारण्याची हिंमत होत नाही. आपणच सांगावे, मी खुशीने जातो.

सतरा तारीख : सांगायचे विसरलो.

अठरा, एकोणीस : विसरलो.

आजच्या ओळीवरची पेन्सिल अजून बोटाला लागत होती : आज पुन्हा विसरलो. उद्या मोअरला हात लावण्याआधी हेच काम.