सगळं हिरवं

"बघ, सगळं हिरवं!" मी मोबाइल हेमांगीपुढे धरला. आमच्या गिर्यारोहण क्लबच्या दोरांची एक्सेल शीट मीच बनवली होती. दोर बाद करायची तारीख उलटली की त्याची ओळ आपोआप लाल व्हायची. गेल्या दिवाळीत सगळ्यांना हे दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून दोराच्या टोकाला चिकटवलेली तारीख कुणी वाचेनासं झालं.

कड्यावर सुलभाकाकू कमरेला हार्नेसचे पट्टे बांधून दोरावरून खाली उतरायला तयार होत्या. साठीनिमित्त त्यांनी स्वतःलाच दिलेली ही भेट होती. "मी घाबरले नाहीये हं," म्हणत त्या कड्याखाली दिसेनाशा झाल्यासुद्धा. क्लबमधले बाकीचे लोक त्यांचे दोर सांभाळत होते.

हेमांगी अजून शीटच बघत होती. "अरे, हा सात नंबरचा दोर झिजला म्हणून मी घरी नेलाय, त्यावर कपडे वाळत घालते. याची तारीखही मार्चची, कधीच उलटलेली. मग हा हिरवा कसा?"

मी रंगाचा नियम उघडला. रोज आपोआप बदलणारी आजची तारीख जिथे हवी, तिथे मी हातानेच तारीख टाइप केली होती. सगळ्यांना शीट दाखवली, त्या दिवसाची. शीटच्या लेखी अजून दिवाळीच चालू होती.

मी कड्याजवळच्या झाडाकडे धावलो. तिथे बांधलेल्या काकूंच्या दोन्ही दोरांच्या टोकांवरच्या तारखा वाचल्या. दोन्ही कधीच उलटल्या होत्या.

"काकूंना वर घ्या!" मी ओरडलो.

खालून काकूंचा खुशीतला आवाज आला, "काय छान वाटतंय रे! दोन मिनिटं इथेच लोंबकळू दे मला!"