फुटाफुटावर नट

वेल्डरच्या मुलीने तीन महिने एकच ध्यास घेतला होता. स्केटबोर्डसकट वाचनालयाच्या पायऱ्यांच्या लोखंडी रेलिंगवर उडी घ्यायची आणि बोर्ड आडवा ठेवून, पाठमोरी घसरत थेट खाली उतरायचं. कोपरं सोलून निघाली, मनगट दोनदा सुजलं, तरी शेवटच्या तीन पायऱ्यांशी ती हमखास आपटायची. आवाजाला वैतागून वाचनालयाच्या अध्यक्षांनी बोर्ड अडावा म्हणून रेलिंगवर फुटाफुटावर बोल्टचे मोठे नट वेल्ड करायचं काम काढलं, आणि दिलं नेमकं तिच्या बाबांना.

"बाबा, तुम्ही सरळ नाही म्हणा ना!"

"मी नाही म्हटलं, तर दुसरा कोणीतरी येऊन जोडेल," बाबा मान वर न करता म्हणाले. ती भरल्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच ती बोर्ड घेऊन तडक वाचनालयावर गेली. नट तर नट, पडायचं तर पडू, पण घसरायचंच! तिला खिडकीतून बघून अध्यक्ष खुर्चीतूनच ओरडले, "लागले ना नट? आता घसरून दाखव!"

तिने दात-ओठ खात रेलिंगवरून हात फिरवला.



बाबांनी सगळे नट अगदी भक्कम जोडले होते, रेलिंगच्या खालच्या बाजूने.