दाभणाचा जोर

शाळेत नव्या बाई आल्यापासून मधल्या सुट्टीत मुलं मोठ्या बाईंकडे फिरकेनाशी झाली, आणि मोठ्या बाईंच्या पोटात दुखू लागलं. आपल्याच हाताखाली शिकलेली पोर, आणि आता उठता-बसता मुलांच्या तोंडी तिचंच कौतुक.

आज सहावीला ती लोहचुंबक शिकवणार होती. चुंबक झालेलं एक दाभण दाखवणार म्हणून वर्ग सकाळपासून हरखून गेला होता. ते दाभण प्रयोगशाळेच्या टेबलावर कापसात गुंडाळून ठेवलेलं मोठ्या बाईंना दिसलं. खोलीत कुणी नव्हतं. आपटलं की चुंबकाचा जोर उतरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी दाभण फरशीवर मनसोक्त आपटलं आणि होतं तसं कापसात ठेवून दिलं.

तास सुरू झाला तेव्हा त्या मुद्दाम दाराशी रेंगाळल्या. "या ना बाई, आत या," म्हणत नव्या बाईंनी दाभण हातात घेतलं आणि त्या मुलांकडे वळल्या.


"मी सहावीत असताना या बाईंनी स्वतः लोहचुंबकावर घासून हे मला बक्षीस दिलं होतं. तेव्हापासून जपलंय. बघा, अजून टाचण्या उचलतं."