उम्म रकानचा एसी

निर्लज्ज सरकारनं गेल्या उन्हाळ्यात बसऱ्याची वीज टिकवली असती, तर दमेकरी रकान धुळीत गुदमरून मेला नसता.

यंदा धुळीचं वादळ ओसरल्यावर त्याच्या आईकडे, उम्म रकानकडे, एसी साफ करायला गेलो. एसीच्या आतून खोकल्यासारखा आवाज येत होता.

"पंख्यात कचरा अडकलाय, उम्म रकान."

"वीज गेलीये, उस्ताद. पंखा फिरतोय का, बघ आधी!"

पंखा थांबलेला होता. खोकला चालूच होता.

"माझा रकान आहे तो. जाळी धुतलीस तर जाईल."

"मग मला बोलावलंस कशाला?"

"धाकटी लेक उकाड्यानं मरेल रे."

मी जाळी धुतली. वीज आली, थंडगार हवा सुटली. आतला खोकला बंद झाला. उम्म रकाननं डोळे पुसले.

तेवढ्यात पलंगावरची धाकटी झोपेत खोकली. आवाज रकानचा होता.

आईचा चेहरा आनंदानं उजळला.