निष्कलंक सेवेचा पुरावा

सातवी ‘ब’च्या रेवती खलाटेला गृहपाठात तपासायला आलेलं नेटवरचं पान नेमकं धायगुडे सरांचं निघालं. सातवीतल्या मुलांनी ‘खरं’ ठरवल्याशिवाय नेटवर कुठलंच पान टिकत नसे. तसा कायदाच होता. आणि याच सरांनी गेल्या वर्षी तिने स्वतः लिहिलेला निबंध ‘नेटवरून ढापलाय’ म्हणत वर्गासमोर फाडला होता.

पानावर लिहिलं होतं : ‘तीस वर्षं निष्कलंक सेवा.’

“पुरावा, सर?”

“अगं, मी स्वतः सांगतोय ना!” पान वाचवायला तिच्या वर्गात येऊन बाकावर अवघडून बसलेले सर म्हणाले. “उद्या आदर्श शिक्षक पुरस्कार आहे माझा. पान गेलं की तोही गेला.”

“स्वतःचं कौतुक स्वतः केलेलं धरत नाहीत, सर.”

सर घाम पुसत कुजबुजले, “तो निबंध तुझाच होता, बाई. चुकलं माझं.”

“लिहून द्याल?”

सरांनी आनंदाने लिहून दिलं, खाली सहीसुद्धा ठोकली. रेवतीने तो कागद पानाला जोडला आणि ‘निष्कलंक’पुढे ‘खोटं’ दाबलं.

“अगं, हे काय!”

“स्वतःविरुद्ध दिलेलं मात्र लगेच धरतात, सर,” ती नम्रपणे म्हणाली.